छोट्या बोअरचा ट्रॉम्बोन हवाय, पण स्लाईड हाताला मोकळी हवी

दर्याकिनारी (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. ट्रॉम्बोन वाजवणारे इथे किती आहेत ठाऊक नाही, पण वसईपासून कारवारपर्यंतच्या पट्ट्यात बँडवाले कमी नाहीत, म्हणून धागा काढतोय.

मी फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) मिरवणुकीत आणि लग्नसराईत बँडबरोबर ट्रॉम्बोन वाजवतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हे पितळी वाद्य, दोन समांतर नळ्यांची स्लाईड पुढे-मागे सरकवून सूर बदलायचा. सध्याचं वाद्य बँडचं आहे. जुनं आहे, नाव पुसलं गेलंय, आवाज मात्र गोड. अडचण डाव्या हाताची. आमच्या घरात रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायचा धंदा. लहानपणापासून दोर ओढल्यामुळे बोटं जाड आहेत, पंजाही रुंद. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी दोन नळ्यांच्या मध्ये नीट मावत नाहीत. करंगळी खालच्या नळीवर दाबली जाते आणि मिरवणूक लांबली की बधिर होते. मग मनगट वाकडं होतं, माउथपीस ओठावरून सरकतो आणि वरचे सूर हलायला लागतात.

आता स्वतःचं वाद्य घ्यायचं ठरवलंय. बोअर (नळीचा आतला व्यास) छोटाच हवा, कारण उघड्यावर वाजवायचं असतं, सूर चटकन लागायला हवा आणि जवळचे माउथपीस सगळे छोट्या शँकचे (वाद्यात बसणाऱ्या दांड्याचे) आहेत. ट्रिगर (अंगठ्यानं दाबायचा व्हॉल्व्ह) नको. वापरलेलं चालेल. दुकानात विचारलं की बोअर सांगतात, बेलचा (पुढच्या पसरट तोंडाचा) व्यास सांगतात, पण दोन नळ्यांमधलं अंतर विचारलं की गप्प होतात. छोटा बोअर आणि रुंद स्लाईड असं एकत्र मिळतं का? आणि ते न बघता, लांबून कसं ओळखायचं?

---

आगळ_प्या (कुडाळ)

मी ट्रॉम्बोनवाला नाही, माझा मुलगा मुंबईत एका ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याचा मोठ्या बोअरचा आहे, ०.५४७ इंचाचा. त्याची स्लाईड चांगली ऐसपैस आहे. सरळ तसाच का घेत नाही? हाताचा प्रश्न मिटेल.

---

पितळी_सूर (वसई)

आगळभाऊ, हाताचा प्रश्न मिटेल, पण फुंकेचा नवा सुरू होईल. दर्याकिनारी, तू छोट्या बोअरचंच बघ, तुझा विचार बरोबर आहे.

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं. बोअर म्हणजे आतल्या नळीचा आतला व्यास. ०.४८० ते ०.५०८ इंच या टापूतल्या वाद्यांना साधारणपणे छोट्या बोअरचं म्हणतात. ०.५०० म्हणजे १२.७ मिमी, ०.५०८ म्हणजे १२.९ मिमी. मधला बोअर ०.५२५ इंचाचा. सिंफनीत वाजतात ते बहुतेक ०.५४७ चे, म्हणजे १३.९ मिमीच्या जवळपास. कागदावर हा फरक जेमतेम एक मिलिमीटरचा दिसतो, पण छातीला चांगलाच जाणवतो. मोठा बोअर भरायला हवा जास्त लागते, आवाज रुंद आणि गडद येतो, आणि माउथपीस मोठ्या शँकचा लागतो. म्हणजे तुझे आहेत ते सगळे बाद. मिरवणुकीत ताशा-ड्रमच्या मधून सूर पुढे न्यायचा तर छोट्या बोअरची ती चमक हवीच. भर उन्हात चालत चालत वाजवताना मोठा बोअर दमवतो, हे मी आमच्याकडच्या पोरांना नेहमी सांगतो.

आता मुद्द्याचं. बोअर आणि स्लाईडची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या बोअरच्या स्लाईड सहसा रुंद असतात म्हणून लोक दोन्हींची सांगड घालतात. पण एकाच बोअरमध्ये एक कंपनी नळ्या जवळ ठेवते, दुसरी लांब ठेवते. रुंदी ठरते टोकाच्या वळणावर, म्हणजे यू आकाराच्या बाकावर, आणि नळ्या जोडणाऱ्या आडव्या ब्रेसच्या लांबीवर. म्हणून तुला हवं ते नक्की मिळतं, शोधावं लागतं एवढंच.

---

सातवी_पोझिशन (मुंबई, मूळ देवगड)

पितळी_सूर काकांशी सहमत. फक्त वाद्य बदलायच्या आधी पकड एकदा तपासून बघ, असं मला मनापासून वाटतं.

डाव्या हाताची नेहमीची पकड अशी: अंगठा बेलच्या ब्रेसभोवती, तर्जनी वर माउथपीसच्या बुडाशी टेकलेली, आणि उरलेली तीन बोटं स्लाईडच्या वरच्या ब्रेसभोवती. सगळं वजन या डाव्या हातावरच असतं, उजव्यानं फक्त स्लाईड हलवायची. अरुंद स्लाईड वाजवणारे बरेच जण करंगळी आत कोंबत नाहीत, ती खालच्या नळीच्या खालून घेतात. दोन बोटं आत, करंगळी खाली आधाराला. मनगट सरळ राहतं आणि दाब जातो. किंगचे टू बी आणि थ्री बी हे अरुंद स्लाईडचे म्हणूनच प्रसिद्ध आहेत, तरी जॅझवाले पिढ्यान्‌पिढ्या ते आनंदानं वाजवत आलेत. स्लाईड अरुंद असली की वाद्य हातात आटोपशीर वाटतं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

---

दर्याकिनारी

@सातवी_पोझिशन, करंगळी खाली घेऊन वाजवलं दादा. बसून वाजवताना जमतं. चालताना मात्र वाद्य डुलतं, कारण आत दोनच बोटं उरतात. बेलच्या जोडाचा जो मोठा नट असतो, तो माझ्या तळहाताला खालून टोचतो, हेही आत्ताच ध्यानात आलं.

---

लेथवाला (रत्नागिरी)

तो नट टोचतो ना, तिथेच खरी गोम आहे. मी वाजवत नाही, पण मिरकरवाड्यातल्या बोटींच्या इंजिनांची कामं करता करता आसपासच्या बँडवाल्यांची वाद्यंही माझ्याकडे येतात. तुमच्यासाठी मापाची पद्धत सांगतो. ब्रँडचं नाव विचारण्यापेक्षा ही जास्त कामाची आहे.

पहिल्यांदा स्वतःचा हात मोजा. पेनाएवढी जाड काठी घ्या, तीन बोटांनी तशीच धरा जशी ब्रेस धरता, आणि बोटांच्या मधल्या पेरांवर तिन्ही बोटांची मिळून रुंदी व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या साधनानं) घ्या. व्हर्नियर कुठल्याही गॅरेजात मिळेल. बोटं सैल ठेवा. आवळून घेतलेलं माप खोटं येतं. संध्याकाळी, वाजवून झाल्यावर घ्या, कारण तेव्हा बोटं थोडी फुगलेली असतात आणि तुम्हाला तेच माप उपयोगाचं.

मग वाद्य मोजा. दुकानदारानं किंवा कंपनीनं कधी रुंदी सांगितलीच, तर ती बहुतेक नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंतची असते. तुमच्या बोटांना ती जागा मिळत नाही. वरच्या नळीची अर्धी जाडी आणि खालच्या नळीची अर्धी जाडी त्यातून गेली. ब्रेस जिथे नळीला जोडते तिथली बाही गेली. खालच्या बाजूला बेल बसवायचा नट असतो, तोही जागा खातो. म्हणून ब्रेसच्या अगदी जवळ, हात जिथे बसतो तिथे, दोन्ही बाजूंच्या धातूमधली मोकळी फट मोजायची. तुमच्या तीन बोटांपेक्षा ती थोडी जास्त असली पाहिजे. नुसती बरोबर असून चालत नाही, घामानं ओल्या झालेल्या बोटांना हलायला जागा लागते.

लांबून घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला सांगा, त्या फटीत स्टीलची पट्टी आडवी धरून समोरून फोटो काढ. तिरका फोटो नको. तेही जमत नसेल तर जाड पुठ्ठ्याचा तुकडा तुमच्या मापाचा कापून त्याला पाठवा. फटीत सहज गेला तर पुढचं बोलणं.

---

पितळी_सूर

लेथवाला, फार उपयोगाचं सांगितलंत. आमच्या बँडमध्ये नवीन पोरं येतात त्यांच्यासाठी मी हे उतरवून ठेवतो.

एक भर घालतो. स्लाईड रुंद झाली की बोटांना जागा मिळते, शिवाय बेल मानेपासून थोडी लांब जाते. माउथपीस वरच्या नळीवर आणि बेल खालच्या नळीवर, म्हणजे दोन नळ्यांमधलं अंतर वाढलं की बेलचा भाग तोंडापासून तेवढाच दूर. ज्यांची मान जाड, खांदे भरलेले, त्यांना अरुंद स्लाईडचं वाद्य गालाला, कानाला घासतं. तुझे खांदे रापणीचे असतील तर हा फायदा तुला आपोआप मिळेल.

---

नवखा_वादक (अलिबाग)

एक शंका विचारू का? स्लाईड रुंद म्हणजे सातव्या पोझिशनला हात जास्त लांब न्यावा लागतो का? माझा हात आधीच आखूड पडतो.

---

सातवी_पोझिशन

@नवखा_वादक, नाही. पोझिशनमधलं अंतर सुरांवर ठरतं, रुंदीवर नाही. एकेक पोझिशन म्हणजे सूर अर्ध्या स्वरानं खाली, आणि त्यासाठी नळीची लांबी ठरावीक प्रमाणातच वाढावी लागते. स्लाईड जेवढी सरकवाल त्याच्या दुप्पट नळी वाढते, कारण नळ्या दोन आहेत. स्लाईड रुंद केली तर टोकाचं वळण थोडं लांब होतं, पण बनवणारा ती लांबी दुसरीकडून कमी करतो. बी फ्लॅट टेनरची एकूण नळी साधारण २.७ मीटरच राहते. पहिली ते दुसरी हे अंतर सगळ्यांत कमी आणि सहावी ते सातवी सगळ्यांत जास्त, हे रुंद-अरुंद दोन्हींत सारखंच. हात आखूड पडत असेल तर खांदा मोकळा सोडून बघा. मनगटाची शेवटची लवचीक हालचाल पुष्कळ अंतर काढून देते.

---

दर्याकिनारी

माप घेतलं. लेथवालांनी सांगितल्याप्रमाणे वेंगुर्ल्यातल्या एका गॅरेजमधून व्हर्नियर आणला. माझ्या तीन बोटांची रुंदी आमच्या बँडच्या वाद्याच्या मोकळ्या फटीपेक्षा जास्त भरली. म्हणजे दुखणं पकडीचं नव्हतं, वाद्य माझ्या हाताचं नव्हतं. एवढं कळल्यावरच बरं वाटलं.

आता मॉडेलबद्दल सांगा. आमच्या नात्यातला एकजण लंडनला असतो. तिथे जुनी वाद्यं पुष्कळ मिळतात म्हणतो.

---

पितळी_सूर

मी जे हातात धरलंय त्यावरूनच सांगतो.

किंग टू बी: ड्युअल बोअर, वरची नळी ०.४८१ आणि खालची ०.४९१. थ्री बी ०.५०८ चा, बेल ८ इंचाची. सुंदर वाद्यं, पण तुझ्या हाताला नाहीत. कितीही स्वस्त मिळाली तरी मोह करू नकोस.

बाखचा सोळा नंबर: हाही ड्युअल बोअर, ०.४९५ आणि ०.५०९. बेल छोटी, साडेसात इंचाची. याची स्लाईड मला किंगपेक्षा स्पष्टपणे मोकळी लागली. आवाजात धार आहे आणि खाली भरावही आहे. तुझ्या कामाला मी हाच आधी बघेन.

कॉन सिक्स एच: ०.५०० बोअर, ८ इंचाची बेल. जुने बरे मिळतात. यातही हात किंगपेक्षा सुटा बसतो. याचा सूर गोलसर, चर्चमधल्या संथ गाण्यांना फार छान. फेस्ताच्या दिवशी सकाळी आत आणि संध्याकाळी रस्त्यावर असं दोन्ही वाजवणाऱ्याला हे वाद्य आवडेल.

यामाहाचा वायएसएल-३५४ शिकाऊ म्हणून सगळीकडे मिळतो. बोअर ०.५००, बेल ८ इंचाच्या आसपास. मजबूत, सुटे भाग मिळतात, परत विकायचा झाला तर किंमत येते. याची फट मात्र तू स्वतः मोजूनच घे. प्रत्येकाचा हात वेगळा, माझ्या हाताला चाललं म्हणून तुला चालेल असं नाही.

आणखी एक. एकाच मॉडेलमध्येसुद्धा काळाप्रमाणे बदल झालेले असतात. कारखाने हलले, मालक बदलले, साचे बदलले. म्हणून नाव पक्कं झालं तरी पुठ्ठा फटीत घालायचाच.

---

मेणबत्ती (सावंतवाडी)

आहे तीच स्लाईड रुंद करून मिळत नाही का? नाहीतर फक्त स्लाईड दुसऱ्याची आणून बसवायची.

---

लेथवाला

रुंद करायची म्हणजे टोकाचं वळण नवं, बाहेरच्या स्लाईडची ब्रेस नवी, आतल्याची ब्रेस नवी, आणि मग चारही नळ्या पुन्हा अगदी समांतर डाखायच्या. केसभर इकडे-तिकडे झालं की स्लाईड घासते. करता येतं, पण त्या पैशात दुसरं वाद्य येईल.

दुसऱ्याची स्लाईड बसवायची झाली तर बेलचा जोड जुळायला हवा. त्या जोडाचा टेपर (निमुळतेपणा) आणि नटाचा आटा कंपनीगणिक वेगळा. एकाच कंपनीचं असलं तरी खात्री करावी लागते. बळजबरीनं बसवू नका, जोड फुटतो.

मेरठला जालीकोठी भागात बँडची वाद्यं बनतात. नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची. आपल्याकडच्या बऱ्याच बँडांची वाद्यं तिथूनच येतात. तिथल्या एखाद्या कारागिराला माप देऊन विचारता येईल. मात्र वाद्य घेताना स्लाईड स्वतः चालवून घ्या, मग ते मेरठचं असो की अमेरिकेचं.

---

सातवी_पोझिशन

वापरलेलं घेणार असशील तर स्लाईड तपासायची पद्धत लिहितो, कारण ट्रॉम्बोनमध्ये सगळा जीव स्लाईडमध्येच. बेलचा पोचा निघतो, लॅकर गेलं तरी आवाज जात नाही, पण स्लाईड बिघडलेली असेल तर रोजचा वैताग.

बेल काढून ठेव. स्लाईड उभी धर, आतल्या स्लाईडची वरची दोन्ही तोंडं तळहातानं नीट झाकून बाहेरची स्लाईड सोड, खाली दुसऱ्या हाताचा आधार तयार ठेव. नळ्या घट्ट असतील तर ती सावकाश उतरते. धाडकन आली तर हवा गळतेय. मग तोंडं उघडी ठेवून चालवून बघ. आता ती अडखळता कामा नये.

त्यानंतर बाहेरची स्लाईड पूर्ण काढ, फिरव आणि एकच नळी एका आतल्या नळीवर घालून चालव. मग दुसरी. एकेकटी छान चालते पण जोडीनं घासते, म्हणजे नळ्या समांतर नाहीत. ते कारागिराला दुरुस्त करता येतं. एकेकटीच घासत असेल तर पोचा किंवा वाक आहे, ते काम जास्त.

आतल्या नळ्यांच्या टोकाकडचा थोडा भाग किंचित जाड असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. सगळं घर्षण तिथे. तिथला क्रोम उडून पिवळं पितळ दिसत असेल किंवा बारीक खड्डे पडले असतील, तर पैसे कमी कर किंवा सोडून दे.

---

पितळी_सूर

खड्ड्यांवरून आठवलं, आपल्या किनाऱ्यावर हे दुखणं लवकर लागतं. खारी हवा आणि हाताचा घाम, दोन्हींत क्षार. क्षारानं पितळातलं जस्त निघून जातं आणि तांबूस ठिपके उरतात. हे आतून सुरू होतं, बाहेर दिसतं तोवर नळी पातळ झालेली असते. लीडपाइप (माउथपीस बसतो ती नळी) आणि टोकाचं वळण नीट न्याहाळ, गुलाबी-लालसर डाग दिसला तर तिथली नळी बदलावी लागेल असं धरूनच किंमत कर.

घेतल्यावर रोज वाजवून झालं की पाणी काढ, आतली नळी लांब दांडीच्या स्वच्छ कापडानं पुसून काढ, बाहेरून पकडीची जागा पूस. पावसाळ्यात ओली पेटी बंद करून ठेवू नको. अधूनमधून कोमट पाण्यानं आतून धुवावं, फार गरम पाणी लॅकरला चालत नाही. पकडीच्या जागी चामड्याचं वेष्टन लावतात, त्यानं घाम धातूला लागत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. चामडं ओलं राहिलं तर त्याच्याखालीच पितळ सडतं, म्हणून ते काढून वाळवावं लागतं. आणि वेष्टनाची जाडी तुझ्या फटीतून वजा होते. तुला नकोच ते.

---

आगळ_प्या

माझा पहिला सल्ला मागे घेतो, एवढं वाचल्यावर पटलं. मुलाकडून एक कळलं ते सांगतो: पावसातल्या मिरवणुकीसाठी प्लॅस्टिकचा ट्रॉम्बोन मिळतो, पी-बोन नावाचा. बोअर ०.५०० इंच, वजन ८०० ग्रॅमच्या आसपास, माउथपीस छोट्या शँकचा. वजनच नसल्यामुळे बोटांवर ताण येत नाही म्हणतो.

---

सातवी_पोझिशन

हो, जोडीचं वाद्य म्हणून उत्तम. गणपतीत, भर पावसात, पितळी वाद्य घरी ठेवून हे न्यावं. मुख्य वाद्य म्हणून मात्र मी सुचवणार नाही. जोरात वाजवताना पितळेसारखी चमक त्यातून येत नाही.

---

दर्याकिनारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकानू, लेथवाले, तुमी सांगितल्यासारख्या सगळा करून बघतंय.

लंडनवाल्याला पुठ्ठ्याचं माप पाठवलं. त्याला एक बाख सोळा आणि एक कॉन सिक्स एच दिसलेत. दोन्हींत पुठ्ठा सहज गेला, बाखमध्ये थोडी जास्त जागा उरली. कॉनच्या स्टॉकिंगवर क्रोम गेलेला दिसतो, म्हणून बाखकडे कल आहे. तो सुट्टीला येताना घेऊन येईल. दादरहून तुतारी एक्सप्रेसनं सावंतवाडीपर्यंत आणायचं, तर पेटीबद्दल काही सांगणं?

आणि माउथपीस: माझ्याकडे १२सी आणि साडेसहा एएल असे दोन आहेत. बाख सोळाला कोणता?

---

पितळी_सूर

स्लाईड पेटीत ठेवताना लॉक लावायला सांग, आणि पेटीत ती हलणार नाही असं कापड भर. स्लाईडवर काही ठेवायचं नाही, माउथपीससुद्धा नाही. तो सुटून आपटला की पोचा पडलाच. गाडीत पेटी बर्थखाली ढकलू नका, वर आडवी ठेवा.

दोन्ही माउथपीस बसतील, शँक छोटाच. १२सी च्या कडेचा आतला व्यास २४.५ मिमी, कप उथळ, आवाज उजळ. साडेसहा एएल २५.४ मिमी, कप खोल, खालचे सूर भरून येतात. तुझे ओठ ज्याला सरावलेत त्यानं सुरुवात कर. नवीन वाद्य आणि नवीन माउथपीस एकदम नको, नाहीतर कशानं काय बदललं ते कळत नाही. रस्त्यावर १२सी आणि चर्चमध्ये साडेसहा, असं पुढे करता येईल.

आलं की इथे फटीचं माप आणि तुझ्या बोटांचं माप दोन्ही टाक. जाड बोटांचे वादक किनाऱ्यावर पुष्कळ आहेत, त्यांना उपयोगी पडेल.